काका, ग्रिप तर अजून भरपूर आहे!

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर इथंच दिसेल. मामाने दिलेली २०१२ ची होंडा सीबीआर २५०आर, एबीएस नसलेली. आठवडाभर इंदूरमध्ये राजेंद्रनगर ते विजयनगर ऑफिस, रविवारी पहाटे ग्रुपबरोबर जाम गेट (महूपुढच्या घाटातला अहिल्याबाईंचा दरवाजा), कधीमधी मांडू. डिसेंबरात दोनदा मागचं चाक सरकलं; एकदा वळणावर आणि एकदा तर सिग्नलवरून निघतानाच. मिस्त्री म्हणतो, 'चार मिलिमीटर ग्रिप आहे, टायर कशाला बदलता?' ग्रुपमधली पोरं म्हणतात, 'मागे १६० चा रुंद टायर टाक, सॉफ्ट कंपाउंड म्हणजे मऊ रबर घे, रस्त्याला चिकटून चालेल.' आणि तू विचारतेस की सगळ्यात जास्त चिकटणारा टायर कोणता.

मिस्त्री चुकतोय आणि पोरंही चुकतायत, पण दोघांची चूक एकाच शब्दातून आली आहे. आपल्याकडे टायरच्या नक्षीला 'ग्रिप' म्हणतात. पंचवीसेक वर्षं माझ्या टायरच्या दुकानात रोज हे वाक्य ऐकतोय, 'काका, ग्रिप तर अजून भरपूर आहे!' नक्षी भरपूर आहे, खरं आहे. पण नक्षीचं मुख्य काम पाणी बाजूला काढणं. कोरड्या रस्त्यावर धरून ठेवतं ते रबर. रेसच्या कोरड्या ट्रॅकवर धावणाऱ्या टायरला नक्षीच नसते, आणि त्याच्याइतकी पकड कुणाला नाही. म्हणजे नक्षी मोजून पकड कळत नाही. रबर जिवंत आहे की मेलंय, ते बघावं लागतं.

तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. मागच्या टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे आहेत, ०८१४. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१४ सालच्या आठव्या आठवड्यात, फेब्रुवारीत, बनलेला टायर. गाडी मामाच्या पोर्चमध्ये उभी राहिली म्हणून नक्षी वाचली, रबर वाचलं नाही. खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा आहेत, विशेषतः कडेच्या बाजूला. मधला भाग चौकोनी झालाय, म्हणजे गाडी बहुतेक सरळच चालली आहे. आता एक कर. अंगठ्याचं नख मधल्या पट्ट्यावर जोराने दाब. ताज्या रबरावर नखाची खूण उठते आणि हळूहळू भरून येते. तुझ्या टायरवर नखच वाकेल, पैज लावतो. आमच्या भाषेत याला 'काच झालेला टायर' म्हणतात.

असं का होतं, ते थोडक्यात. रबर मऊ ठेवायला त्यात तेलं घातलेली असतात. ती वर्षानुवर्षं बाहेर पडत राहतात. हवेतला ऑक्सिजन रबराच्या रेणूंचे धागे एकमेकांना आणखी घट्ट बांधत जातो आणि रबर टणक होतं. ओझोनमुळे वरून भेगा पडतात. उष्णता या सगळ्याला वेग देते, आणि आपल्या इंदूरचा मे महिना चाळीसच्या वर. त्यात गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी असेल तर विचारूच नकोस. मिशेलिन स्वतः सांगते की पाच वर्षं वापरल्यावर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षांनी, कसाही दिसो, काढून टाका. मी या हवेत सहा वर्षांपुढे कुणालाही त्याच टायरवर घाटात जाऊ देत नाही. ही माझी मर्जी आहे, कायदा नाही.

ही मर्जी फुकट आलेली नाही. माझ्याकडे राजदूत ३५० होती, १९८६ ची. १९९८ च्या जुलैत तिला एका दुकानातून स्वस्तात 'कोरा' टायर घेतला. नक्षीवरचे रबराचे केससुद्धा शाबूत होते. गोदामात किती वर्षं पडून होता हे तेव्हा मला वाचता येत नव्हतं आणि दुकानदाराने सांगितलं नाही. महूहून मंडलेश्वरकडे उतरताना, अहिल्याबाईंच्या त्या दरवाज्याच्या खालच्या दुसऱ्या वळणावर, भुरभुर पाऊस, वेग चाळीससुद्धा नसेल. मागचं चाक असं निघून गेलं की जणू कुणी खालून सतरंजी ओढली. गळ्याचं हाड मोडलं. दवाखान्यात बघायला आलेला मित्र म्हणाला, 'अरे पण टायर तर नवा होता ना!' तेव्हापासून मी आधी आकडे वाचतो, मग किंमत विचारतो.

तेव्हा पहिला निर्णय झाला. टायर बदलायचे, दोन्ही. फक्त मागचा नाही. पुढच्याचा फोटो तू एका बाजूनेच काढलास, पण तोही त्याच काळातला दिसतोय आणि कडेला लाटा पडल्यासारखा घासलाय. मागे नवा ताजा टायर आणि पुढे काच, असं असलं की मागचं चाक पुढच्याला वळणात बाहेर ढकलतं. मागचं सरकलं तर कधीकधी सावरता येतं. पुढचं सरकलं की विचार करायला वेळच मिळत नाही.

आता १६० चं. तुझ्या गाडीला पुढे ११०/७०-१७ आणि मागे १४०/७०-१७ येतो. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये; दुसरा म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के; तिसरा रिमचा व्यास, इंचांत. मागची रिम चार इंच रुंद आहे, म्हणजे साधारण १०२ मिलिमीटर. १६० चा टायर साडेचार इंची रिमसाठी आखलेला असतो. कावासाकीच्या ६५० ला तो तसाच येतो. तोच टायर चार इंचाच्या रिमवर चढवला की दोन्ही बीड, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या कडा, आत ओढले जातात आणि वरचा भाग टोकदार होतो. घमेल्यासारखी सपाट गोलाई असायला हवी ती अंड्याच्या टोकासारखी होते. सरळ चालताना रस्त्याला कमी रबर लागतं, झुकवल्यावर गाडी एकदम पडल्यासारखी वाटते, आणि कडेचा भाग कधी रस्त्याला लागतच नाही. पोरं मग त्या न घासलेल्या पट्ट्यांवरून एकमेकांची चेष्टा करतात. शिवाय चेन आणि स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) घासायची भीती वेगळी.

'पण काका, रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर.' नाही गं. ढोबळ हिशेब कर. गाडी, तू, बॅग मिळून मागच्या चाकावर समज १२० किलो. टायरमध्ये हवा दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्या आसपास. म्हणजे रस्त्याला टेकलेला तुकडा साठेक चौरस सेंटिमीटर, पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढा. टायर रुंद केला तर तो तुकडा आडवा होतो आणि लांबीला आखूड. क्षेत्रफळात फारसा फरक पडत नाही. पंचवीस घोड्यांच्या इंजिनाला १४० पुरून उरतो. रुंद टायरचं वजन मात्र वाढतं, गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला टाकायला आळशी होते, आणि छोट्या स्पोर्ट गाडीची सगळी मजा त्या चपळाईतच असते.

काहीजण १५०/६० टाकतात. तो बसतो, पण त्याच्या बाजूची उंची ९० मिलिमीटर आणि १४०/७० ची ९८. मागची बाजू आठ मिलिमीटर खाली येते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मागून बसलेली गाडी वळणात शिरायला कुरकुर करते. कंपनीने दिलेला साइज ठेव. जुन्या गाडीत तर नक्कीच ठेव, कारण तिच्या बाकीच्या गोष्टी आधीच सैल झालेल्या असतात. त्यात आणखी एक बदल घातला की दोष कुठला आणि टायर कुठला, काही कळत नाही.

सॉफ्ट कंपाउंडवर मात्र जरा थांबतो, कारण खरा मोह तिथं आहे.

ट्रॅकसाठीचे टायर मऊ असतात हे खरं, पण ते गरम झाल्यावर धरतात. ट्रॅकवर त्यांना आधी ब्लँकेट गुंडाळून तापवतात आणि मग फेरीमागून फेरी तसंच तापतं ठेवतात. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. तिथं जोरात चाललेल्या गाडीचं आणि राजेंद्रनगरहून निघून भंवरकुआंच्या सिग्नलला थांबणाऱ्या गाडीचं तापमान एक नसतं. जानेवारीत पहाटे सहाला इथं दहाएक अंश असतात. तू निघणार, वाटेत पोहे-जिलेबीला अर्धा तास थांबणार, तोवर टायर पुन्हा गार. त्या स्थितीत ट्रॅकचा टायर साध्या टूरिंग टायरपेक्षा कमी धरतो. शिवाय दर वेळी तापून गार झाला की असा टायर थोडा थोडा टणक होत जातो, नक्षी कमी म्हणून पावसात पाणी काढत नाही, आणि काही हजार किलोमीटरमध्ये संपतो. संपला की पैसे वाचवायला माणूस 'अजून एक महिना' म्हणत तसाच फिरतो. हा शेवटचा महिनाच धोक्याचा, हे दुकानात बसून खूप पाहिलंय.

तुला हवा तो टायर वेगळा. गार असताना पहिल्या पाच मिनिटांत धरणारा, ओल्यात धरणारा, आणि मे महिन्यात विरघळल्यासारखा न होणारा. कंपन्या त्याला स्पोर्ट-टूरिंग किंवा स्ट्रीट रेडियल म्हणतात. रेडियल म्हणजे ज्याच्या आतल्या दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडव्या असतात; साध्या टायरमध्ये त्या तिरक्या असतात. रबरात सिलिका घातलेली असेल तर थंड आणि ओल्या रस्त्यावर फरक जाणवतो. मध्ये टणक आणि कडेला मऊ असं दुहेरी रबर मिळालं तर उत्तमच, कारण तुझा आठवडा मध्यावर जातो आणि रविवार कडेवर.

नावं विचारलीस म्हणून सांगतो. मिशेलिनचा पायलट स्ट्रीट रेडियल तुझ्या दोन्ही साइजमध्ये येतो. ऑफिस जास्त आणि घाट कमी असेल तर मी हाच देतो. पिरेलीचा डिआब्लो रोसो २ त्यापेक्षा स्पोर्टी, घाटात आवडेल, पण तो लवकर संपेल आणि मिळवायला जरा पायपीट होईल. जून २०२० मध्ये सरकारने परदेशी टायरची आयात परवान्याखाली आणली, तेव्हापासून बाहेरचा माल कधी असतो, कधी नसतो. देशी रेडियलमध्ये अपोलोचा अल्फा एच१ मी बऱ्याच अडीचशेच्या गाड्यांना लावलाय आणि तक्रार घेऊन कुणी परत आलेलं नाही. मला विचारशील तर पावसाळ्याआधी अपोलोचा हाच जोड टाकून मोकळी हो. यातला कोणताही ताजा जोड तुझ्या आत्ताच्या टायरच्या तुलनेत वेगळीच गाडी देईल. कुठला निवडला याने पडणारा फरक त्यापुढे छोटा आहे.

दुकानात मात्र टायर हातात घेऊन बघ. बनल्याचे चार आकडे एक वर्षाच्या आतले हवेत. दुकानदार 'माल हाच आहे' म्हणाला तर पुढच्या दुकानात जा, लाजू नकोस. साइजच्या पुढे भार आणि वेगाची खूण असते. तुझ्या गाडीला पुढे ५४ आणि मागे ६६ हवेत, म्हणजे अनुक्रमे २१२ आणि ३०० किलो. अक्षर एस म्हणजे १८० किलोमीटर वेगापर्यंत, एच म्हणजे २१०. एसच्या खालचं अक्षर घेऊ नकोस. आयएसआयची खूण असायला हवी. पुढचा रेडियल आणि मागचा साधा नायलॉन, अशी खिचडी नको. दोन्ही एकाच घराण्यातले घे. आणि 'परदेशातून आलेले, फक्त एक सीझन वापरलेले' टायर ऑनलाइन स्वस्तात दिसतील. त्यांना किती वेळा तापवलंय, आतून कुठे पंक्चर जोडलंय, काहीच कळत नाही. मी फुकट दिले तरी लावत नाही.

बसवताना शेजारी उभी राहा. रिमची कड तारेच्या ब्रशने घासून घ्यायला सांग, कारण जुन्या अॅल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी भुकटी जमते आणि तिथूनच हळूहळू हवा निघते. तुझी 'दर आठवड्याला हवा कमी होते' ही तक्रार बहुधा तीच. रबरी व्हॉल्व्ह नवा टाकायचा. पन्नास-शंभर रुपयांसाठी इतका जुना व्हॉल्व्ह ठेवणं शहाणपण नाही. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर, तो टायरचा हलका भाग असतो. बाणाची दिशा स्वतः बघ. पुढच्या टायरची नक्षी मागच्याच्या उलटी दिसते म्हणून 'हुशार' पोरं तो उलटा चढवतात. साबणाचं पाणी लावून हवा भरली की 'टक्, टक्' असे दोन आवाज येतात, दोन्ही बाजूंचे बीड बसल्याचे. मग रिमच्या कडेला टायरवर एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना ते चाक फिरवून बघ. एका जागी आत गेली असेल तर हवा काढून पुन्हा. शेवटी बॅलन्सिंग. आमच्या गल्लीतले अर्धे लोक ते गाळतात आणि मग ऐंशीच्या वर हँडल थरथरतं म्हणून टायरला शिव्या घालतात.

हवेचं प्रेशर गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलंय. सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर गार असताना तेवढंच. ग्रुपमधली पोरं घाटाच्या पायथ्याशी हवा कमी करतात, 'चिकटायला'. तापल्यावर प्रेशर चढतं आणि ते चढणं धरूनच स्टिकरवरचा आकडा ठरलेला असतो. तापलेल्या टायरमधून हवा सोडली तर संध्याकाळी गार टायर ढिला पडतो. स्वतःचा छोटा गेज घे. पेट्रोल पंपावरच्या गेजने माझा विश्वास कधीच गमावलाय. नायट्रोजनसाठी पैसे देऊ नकोस. साध्या हवेत ७८ टक्के तोच आहे.

पहिले शंभर-दीडशे किलोमीटर हळू. नव्या टायरची वरची कातडी गुळगुळीत असते, ती घासली जाईपर्यंत झुकवायची घाई नाही. दर फेरीला थोडं थोडं. आणि वॉशिंगवाल्याला बजावून ठेव, टायरला पॉलिश मारायचं नाही. तो काळाकुळकुळीत चमकणारा थर सिलिकॉनचा असतो. गेल्या दिवाळीत धुवून निघालेला एक मुलगा वॉशिंग सेंटरच्या दारातच आडवा झालेला मी पाहिलाय.

आता एक गोष्ट जी तू विचारली नाहीस. चांगला टायर रस्त्यावर दाबून ठेवायचं काम सस्पेन्शनचं आहे. २०१२ च्या गाडीचं फोर्क ऑइल, म्हणजे पुढच्या शॉकच्या नळ्यांतलं तेल, बहुधा कधीच बदललेलं नसेल. पुढचा ब्रेक दाबून हँडल खाली दाब आणि सोड; फोर्क एकदा वर येऊन थांबला पाहिजे, डुलत राहिला तर ऑइल गेलं. फोर्कच्या नळीवर तेलाचं कडं दिसतंय का ते बघ, तिथून तेल ओघळून ब्रेकच्या डिस्कवर येतं. पुढचं चाक उचलून हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरव. मधोमध खट्कन अडकलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेलाय. चेन ओढून बघ, मागचं चाक दोन्ही बाजूंना सारख्या खुणेवर आहे ना पाहा. एवढं सगळं करायला महागड्या टायरच्या जोडीपेक्षा कमी पैसे लागतात. म्हणूनच मी लोकांना सांगतो, टायर एक पायरी खालचा घ्या आणि उरलेले पैसे फोर्कमध्ये घाला. ऐकतात थोडे.

आणि रस्ता. आपल्या इंदूरचा रस्ता स्वच्छ आहे, पण रात्री धुतलेलाही असतो. पहाटे झेब्र्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर अजून ओल असते. तू सिग्नलवरून निघताना घसरलीस ते बहुधा अशाच पट्ट्यावर, जुन्या टायरने. रंगपंचमीच्या गेरनंतर (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीनंतर) राजवाड्याकडे ओल्या गुलालाचा जो चिखल होतो, त्यावर जगातला कुठलाही टायर धरत नाही, त्या दिवशी गाडी घरीच. सिमरोळ-भेरू घाटाकडे डंपरमधून सांडलेली खडी, पहिल्या पावसात शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती, तिथंही तेच. ओली काळी माती नक्षीत भरली की ताजा टायरसुद्धा साबणाची वडी होतो; थांबून काडीने काढावी लागते, चालवून निघत नाही.

पुढच्या टायरच्या दुसऱ्या बाजूचा फोटो पाठव, आकडे दिसतील असा. आणि नखाचं काय झालं तेही कळव.